तालुक्याच्या गावी छायाचित्रणाचा व्यवसाय : साडेचार लाखांत काय घ्यावे आणि काय घेऊ नये?

बार्शीकर

नमस्कार. मी बार्शीचा. गेली काही वर्षे बार्शी आणि सोलापूर येथील छायाचित्रकारांच्या हाताखाली लग्नाच्या ऑर्डरी करतो आहे. सुरुवातीला लाइट धरण्याचे काम होते, आता कँडिडचा (पोझ न देता सहज टिपलेल्या फोटोंचा) एक कॅमेरा बहुतेक वेळा माझ्याकडे असतो. तुळशीच्या लग्नानंतर जो हंगाम सुरू होईल, त्यापासून स्वतःच्या नावाने कामे घ्यावीत असा विचार पक्का होत आला आहे.

हाताशी दोन लाख रुपये आहेत आणि अडीच लाखांपर्यंत कर्ज काढण्याची तयारी आहे. या रकमेतून कॅमेऱ्यावर किती खर्च करावा, ड्रोन आताच घ्यावा का (हल्ली बैठकीत पहिला प्रश्न ड्रोनचाच येतो), आणि पेठेत गाळा भाड्याने घ्यावा की घरूनच काम करावे, हे ठरत नाही. पाटी लावलेले दुकान नसेल तर ॲडव्हान्स द्यायला कोणी धजावणार नाही, असे वडील म्हणतात आणि ते सर्वस्वी चूक आहे असे मला वाटत नाही. नोंदणी, जीएसटी वगैरे बाबतींत मी पूर्ण अनभिज्ञ आहे. सर्वांत अवघड प्रश्न दराचा आहे. आमच्याकडे फोटो, व्हिडिओ, अल्बम, प्री-वेडिंग असे सगळे मिळून एकच ठोक रक्कम सांगण्याची पद्धत आहे आणि प्रत्येक जण शेजाऱ्यापेक्षा पाच हजारांनी खाली उतरतो. अशा ठिकाणी नवख्याने दर कसा ठरवावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मिरजवाला_फोटो

फिल्मच्या रोलच्या काळापासून मी मिरजेत हाच व्यवसाय करतो आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. माझे स्पष्ट मत असे आहे की पहिल्या वर्षी पैसा वस्तूंत अडकवू नये, तो हातात खेळता ठेवावा, कारण आपले उत्पन्न महिन्यांवर नव्हे तर मुहूर्तांवर चालते.

आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास असतो. पंचांगांत या काळासाठीही आपत्कालीन मुहूर्त दिलेले असतात, परंतु तेवढ्यावर कोणाचे घर चालत नाही. पौषातही बरीच घरे लग्न टाळतात. त्यात अधिक मास आला की आखणी आणखी विस्कटते. २०२३ साली अधिक श्रावणामुळे चातुर्मास पाच महिन्यांचा झाला होता, आणि २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा लग्नसराईच्या ऐन भरात पडतो. बँकेचा हप्ता मात्र अधिक मास पाळत नाही. म्हणून पाच महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते भागतील एवढी रक्कम आधी बाजूला काढावी आणि जी उरेल तिलाच खरेदीची रक्कम समजावे. आपल्या आकड्यांकडे पाहता ती तीन लाखांच्या वर जाऊ नये असे मला वाटते.

कॅमेऱ्याच्या दोन बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) लागतातच, कारण अंतरपाट दूर होताना कॅमेरा अडला तर भटजींना पुन्हा मंगलाष्टके म्हणा असे सांगता येत नाही. पण दोन्ही नव्या असण्याची गरज नाही. एक नवी फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरची) मिररलेस आणि तिच्याच माउंटची, म्हणजे लेन्स बसवायची खाच तीच असलेली, एक वापरलेली घ्यावी, म्हणजे लेन्सचा एकच संच दोन्हींवर चालतो. मुख्य बॉडीला कार्डाचे दोन स्लॉट असावेत आणि दोन्ही कार्डांवर एकाच वेळी फोटो उतरतील असे सेटिंग कायम ठेवावे. मेगापिक्सेलच्या मागे लागू नये. अल्बमच्या १२ × ३६ इंचांच्या शीटवर २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे सुमारे ६,००० पिक्सेल रुंदीचा फोटो आडवा पूर्ण पसरला तरी इंचामागे १६६ पिक्सेल मिळतात, आणि मांडीवर घेऊन पाहायच्या अल्बमला तेवढे पुरतात. २४-७० एफ २.८ आणि ८५ एफ १.८ या दोन लेन्सवर बहुतेक सगळे लग्न निघते. ७०-२०० ही लांबचे टिपणारी लेन्स लागेल त्या दिवशी भाड्याने आणावी.

नवे लोक ज्याच्यावर खर्च करीत नाहीत ती वस्तू म्हणजे प्रकाश. हळद लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवात होते आणि त्या कापडाचा रंग चेहऱ्यांवर असा चढतो की संगणकावर कितीही खटपट केली तरी त्वचेचा मूळ वर्ण पुरता परत येत नाही. गोरज मुहूर्ताला उजेड मिनिटामिनिटाला उतरत असतो, आणि त्याच वेळी मंगल कार्यालयाचे एलईडी दिवे लागतात, ज्यांच्याखाली इलेक्ट्रॉनिक शटर वापरले तर फोटोवर आडवे पट्टे येतात. (आवाज होऊ नये म्हणून सायलेंट, म्हणजे हेच इलेक्ट्रॉनिक, शटर ठेवणारे पुष्कळ जण हे पट्टे घरी गेल्यावर पाहतात. तिथे मेकॅनिकल शटरच वापरावे.) बॅटरीवर चालणारे दोन चांगले स्ट्रोब (मोठे फ्लॅश), त्यांचे ट्रिगर, स्टँड आणि प्रकाश पसरवणारी मोठी छत्री एवढे सामान असेल तर मध्यम किमतीच्या कॅमेऱ्यातूनही उत्तम काम होते. ते नसेल तर महागडी बॉडीसुद्धा मांडवाचा पिवळेपणा अधिक बारकाईने टिपण्यापलीकडे काही करीत नाही.

डेटाचा खर्चही आधीच धरावा. एका लग्नाचे तीन हजार रॉ (कॅमेऱ्यातले मूळ, न आवळलेले) फोटो प्रत्येकी ३० ते ३५ एमबी धरले तर १०० जीबी होतात, आणि १०० एमबीपीएसने घेतलेला फोर-के व्हिडिओ तासाला ४५ जीबी घेतो. हा सगळा डेटा दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावा आणि त्यांतील एक डिस्क दुसऱ्याच घरात असावी. अल्बम हातात पडून त्याची पोच मिळेपर्यंत कार्डसुद्धा पुसू नये, या मताचा मी आहे, मग त्यासाठी चार कार्डे जास्त घ्यावी लागली तरी चालतील.

आता दर. शेजारी काय घेतो यावरून दर ठरवला तर शेजाऱ्याचा तोटाही आपल्या वाट्याला येतो. उदाहरणादाखल, तीन लाखांचे सामान चार वर्षे चालेल असे धरले तर वर्षाला पंचाहत्तर हजार झिजतात. वर्षाला पंचवीस लग्ने मिळाली तर प्रत्येक लग्नावर सामानाचेच तीन हजार बसतात, आणि पंधराच मिळाली तर पाच हजार. त्यावर सहकाऱ्यांची रोजंदारी, गाडीचे डिझेल, डिझायनरचे शीटमागचे पैसे, अल्बमची छपाई आणि व्हिडिओ मिक्सिंग चढवावे. शेवटी स्वतःचे दिवस मोजावेत. लग्न दोन दिवसांचे असले तरी फोटो निवडणे, रंगदुरुस्ती, अल्बमची मांडणी आणि आत्याबाईंचा फोटो राहिला म्हणून पुन्हा बदललेली शीट मिळून त्याच्या दुप्पट-तिप्पट दिवस जातात, आणि हेच दिवस कोणी हिशेबात धरत नाही.

सहकारी कमी करून दर उतरवू नये. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना एकेक छायाचित्रकार असल्याशिवाय नवरा आणि नवरी यांचे त्या क्षणीचे चेहरे एकाच वेळी मिळत नाहीत, कारण तेव्हा स्टेजवर करवल्या, मामा आणि अक्षता टाकणाऱ्यांची इतकी दाटी असते की एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जाता येत नाही. ग्राहकाला रक्कम जड वाटत असेल तर दर न उतरवता वस्तू कमी कराव्यात. अल्बम चाळीस शीटऐवजी तीसचा करावा, प्री-वेडिंग वगळावे, छपाईला नंतर पाठवण्याची मुभा द्यावी. म्हणूनच एका ठोक रकमेऐवजी प्रत्येक बाबीची किंमत वेगळी लिहिलेले पत्रक द्यावे. त्यामुळे काही लोक निघून जातील. जे राहतील त्यांना आपण कशाचे पैसे देत आहोत हे ठाऊक असेल.

गाळ्याबाबत वडिलांचे म्हणणे एके काळी बरोबर होते. तेव्हा गाळ्याचे भाडे पासपोर्ट साइझ फोटोंवरच निघत असे आणि लग्नाच्या ऑर्डरी वरकड होत. आता पासपोर्ट सेवा केंद्रात आणि आधार केंद्रात फोटो तिथल्या तिथेच काढतात, उरलेले अर्ज लोक मोबाइलवर भरतात, त्यामुळे तो आधार गेला. पहिल्या हंगामात घरातील बाहेरची खोली नीट लावावी, एक चांगला छापील अल्बम तिथे ठेवावा, आणि गाळ्याचा विचार पुढच्या वर्षी करावा.

हिशेबनीस_पुणे

मी कर सल्लागार आहे आणि माझ्या अशिलांत काही छायाचित्रकार आहेत. नोंदणीची वाटते तेवढी भीती बाळगण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार मोजकेच कामगार असलेल्या लहान आस्थापनेला नोंदणी प्रमाणपत्र घ्यावे लागत नाही, व्यवसाय सुरू केल्याची सूचना ऑनलाइन दिली की तिची पावती मिळते. लोक या पावतीलाही गुमास्ता (दुकानाचा परवाना) असेच म्हणतात आणि व्यवसायाच्या नावाने चालू खाते उघडताना बँक ती मागते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार क्रमांकावर होते आणि ती पूर्णपणे विनाशुल्क आहे. तिच्यासाठी शुल्क मागणारे संकेतस्थळ सरकारी नाही असे खुशाल समजावे. याशिवाय व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० रुपये धरावेत.

सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपयांच्या उलाढालीची आहे. ती नफ्यावर नसून एकूण जमा रकमेवर मोजतात, त्यामुळे अल्बम लॅबला दिलेले पैसेही तिच्यात येतात. त्या मर्यादेखाली असताना केवळ मोठेपणा म्हणून नोंदणी घेऊ नये. छायाचित्रणावर १८ टक्के कर आहे, आणि लग्नघराला त्याची वजावट मिळत नसल्याने तेवढ्याने आपण थेट महाग होता. कंपन्यांची कामे मुख्य असतील तर गोष्ट वेगळी, कारण त्यांना तो कर परत वळता करून घेता येतो.

आयकरात लहान व्यावसायिकांसाठी गृहीत नफ्याची योजना आहे. तिच्यात बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के आणि रोखीच्या किमान ८ टक्के नफा धरता येतो. मात्र चित्रपटांसाठी कॅमेरामन म्हणून काम केल्यास ते उत्पन्न वेगळ्या गटात मोडते आणि तिथे निम्मी जमा रक्कम नफा मानली जाते, तेव्हा कामाचे स्वरूप सल्लागाराला नीट सांगावे. पहिल्या वर्षापासून विवरणपत्र भरावे, कारण पुढे कोणत्याही बँकेत तेच पाहिले जाते.

कर्जासाठी मुद्रा योजनेतील किशोर गट, म्हणजे ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंतचा, आपल्याला लागू पडेल आणि त्याला तारण लागत नाही. सामानाचे जीएसटी क्रमांक असलेले कोटेशन आणि एक-दोन पानांचा प्रकल्प अहवाल जोडावा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात प्रवर्ग आणि ग्रामीण-शहरी भेदानुसार १५ ते ३५ टक्के अनुदान असते, परंतु ते नव्या उद्योगालाच मिळते. आधी सामान घेऊन काम सुरू केले आणि नंतर अर्ज केला तर तो बसत नाही. शिवाय ते अनुदान तीन वर्षे बँकेत राखून ठेवतात, त्यामुळे त्या रकमेवर पहिल्या हंगामाची मदार ठेवू नये. चालू नियम जिल्हा उद्योग केंद्रात पाहून मगच काय ते ठरवावे.

आणखी एक बाब माझ्या अशिलांपैकी बहुतेकांना ठाऊक नव्हती. प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, कोणी मोबदला देऊन आपल्याकडून फोटो काढून घेतला आणि उलट करार झालेला नसला, तर त्या फोटोच्या प्रताधिकाराचा पहिला मालक फोटो काढणारा नसून काढून घेणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो आपण जाहिरातीसाठी इन्स्टाग्रामवर टाकता तेव्हा वस्तुतः दुसऱ्याची मालमत्ता वापरता. करारपत्रात याविषयी एक स्पष्ट कलम घालावे आणि ज्यांना फोटो बाहेर गेलेले नको असतील त्यांना ते खोडण्याची मोकळीक द्यावी. लहान मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती वेगळी घ्यावी.

गोदाकाठ

मी नाशिकला असते आणि लग्ने करीत नाही, त्यामुळे वेगळ्या बाजूने लिहिते. मिरजवाला यांनी चातुर्मासाबद्दल लिहिले ते खरे आहे, पण त्यांनी तो केवळ तग धरण्याचा काळ मानला आहे. माझी बरीच कमाई त्याच महिन्यांत होते, कारण दसरा-दिवाळीचा माल विकायचा असतो त्यांना फोटो श्रावण-भाद्रपदातच हवे असतात.

येवल्याच्या पैठण्यांचे फोटो काढताना मी जे शिकले ते तुम्हाला उपयोगी पडेल. समोरून कडक प्रकाश मारला की जरीचे काम पांढरेफक पडते आणि पदरावरचा मोर दिसेनासा होतो. मोठ्या पांढऱ्या पडद्यातून गाळलेला प्रकाश कडेने, कापडाला जवळजवळ चाटून गेला, तर जरीची चमक आणि विणीचा उठाव दोन्ही राहतात. रंग मात्र तंतोतंत लागतो, कारण फोटोत आमसुली दिसलेली साडी घरी जांभळी निघाली की ती परत येते आणि विक्रेता छायाचित्रकाराला बोल लावतो. म्हणून प्रत्येक साडीबरोबर पहिला फोटो ग्रे कार्डाचा (ठरावीक राखाडी रंगाच्या कार्डाचा) घ्यायचा आणि त्यावरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, बसवायचा. तुमच्या जिल्ह्यात सोलापूरचे टॉवेल आणि चादरी आहेत, गणवेश शिवणारे कारखानदार आहेत, आणि त्या सगळ्यांना कॅटलॉग लागतो. टॉवेलचे फोटो काढणे फार मोहक काम नव्हे हे मान्य, पण शंभर नगांचे काम एका ठिकाणी बसून होते आणि जेवणाच्या पंगतीत कोणी ‘आमचा एक राहिला’ म्हणत मागे लागत नाही.

म्हणूनच जागेबाबत माझे मत वेगळे आहे. पेठेतला गाळा नको, पण बंद करता येईल अशी एक खोली हवी, मग ती गल्लीत किंवा माडीवर का असेना. पडदा टांगून पुढे उभे राहायला पंधरा-सोळा फूट लांबी आणि दहा फूट उंची असली की वस्तू, बारशाचे बाळ आणि डोहाळजेवणानंतरचे फोटो हे सगळे तिथे होते. भाडे पेठेच्या मानाने पुष्कळ कमी पडते.

कारखानदारांकडून पैसे उशिरा येतात हा या कामाचा मोठा दोष आहे. उद्यम नोंदणी तिथे कामाला येते. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर कायद्याने बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास चढे व्याज लागते. मी बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापते, आणि तेवढ्यानेही हिशेब खात्यातून फोन लवकर येतो.

बार्शीकर

आपणा तिघांचे मनापासून आभार. माडीवरच्या खोलीची कल्पना वडिलांनाही पटण्यासारखी आहे, कारण पाटी तिथेही लावता येईल. दोन शंका राहिल्या. ज्यांच्याकडे मी काम केले त्यांच्यापैकी बहुतेकांची लग्नानंतरची बाकी वर्षवर्ष अडकलेली मी पाहतो. ती अडकू नये म्हणून करारात काय लिहावे? आणि ड्रोनचे काय करावे?

मिरजवाला_फोटो

बाकी बहुधा नियत वाईट असल्यामुळे नव्हे, तर फोटोंची निवड रखडल्यामुळे अडकते. लग्नानंतर जोडपे पुण्याला किंवा बंगळूरला निघून जाते, दोन हजार फोटोंतून दोनशे निवडायचे काम दोन्ही घरांत फिरत राहते, आणि अल्बम झाला नाही म्हणून उरलेले पैसे देण्याचे कारणही कोणाला दिसत नाही. म्हणून शेवटचा हप्ता अल्बमच्या हाती पडण्याशी जोडूच नये. तारीख धरताना एकूण रकमेचा एक तृतीयांश हिस्सा घ्यावा, हळदीच्या दिवशी कॅमेरा बाहेर काढण्यापूर्वी एवढी रक्कम घ्यावी की एकूण ऐंशी टक्के जमा होईल, आणि उरलेली अल्बम छपाईला पाठवण्यापूर्वी घ्यावी. साठ दिवसांत निवड आली नाही तर छायाचित्रकार स्वतः निवड करून अल्बम छापील आणि नंतरच्या बदलांचे शीटमागे वेगळे पैसे पडतील, असे वाक्य करारात असावे. हे वाक्य बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावे, आणि सही मुलाच्या वडिलांची नव्हे तर पैसे देणाऱ्याची घ्यावी. आपल्याकडे या दोन व्यक्ती पुष्कळदा वेगळ्या असतात.

ड्रोन आता घेऊ नये. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायचा तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते, ड्रोनला स्वतःचा नोंदणी क्रमांक लागतो आणि त्रयस्थ पक्षाचा विमाही लागतो. सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन नकाशावर हिरव्या दाखवलेल्या क्षेत्रात साधारणपणे ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय जाता येते, परंतु विमानतळाच्या आसपास ही मुभा उतरते किंवा उरतच नाही, त्यामुळे सोलापूर शहरातील कार्यालयाची ऑर्डर असेल तर त्या नकाशावर ती जागा आधी पाहावी. तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. बाजारात ओळखीने मिळणाऱ्या ड्रोनचे बिल नसते, विमा होत नाही, आणि वऱ्हाडाच्या डोक्यावर तो पडला तर जबाबदारी सर्वस्वी आपली. प्रमाणपत्र असलेला चालक दिवसाच्या भाड्याने मिळतो. पत्रकात ड्रोनची ओळ वेगळी लिहावी, भाडे आले तसे पुढे लावावे, आणि चालकाच्या प्रमाणपत्राची व विम्याची प्रत ऑर्डरच्या फाइलला जोडून ठेवावी.